श्रेणी ते बचत गट : लहान व्यावसायिकांच्या समूहसंघटनाचा इतिहास – पाली (ता. जि. बीड) परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

लहान व्यावसायिक हा आर्थिक इतिहासातील सर्वांत कमी लिहिला गेलेला घटक होय. राजे, सरदार, जमीनदार, सावकार आणि अलीकडे शेतकरी व कामगार यांच्यावर विपुल लेखन झाले. परंतु किराणा दुकानदार, शिंपी, कासार, तेली, पिठाची गिरणी चालविणारा, शेळ्या पाळून त्यावर घर चालविणारी स्त्री यांच्या व्यवसायाची कागदपत्रे सहसा राहत नाहीत. त्यांची नोंद जिथे सापडते तिथे ती बहुधा एकट्या माणसाची नसते, गटाची असते. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांपासून आजच्या बचत गटाच्या वहीपर्यंत हे सूत्र कायम आहे. समान व्यवसाय किंवा समान परिस्थिती असलेली माणसे एकत्र आली म्हणजे त्यांना नेमका कोणता लाभ होतो, आणि तो लाभ कोणत्या क्षणी संपतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या लाभाचे वर्णन सामान्यतः ‘भांडवल मिळते’ एवढ्या शब्दांत केले जाते. ऐतिहासिक पुरावा मात्र वेगळे सांगतो. गटाची खरी मिळकत म्हणजे सभासदांना एकमेकांच्या धंद्याची असलेली बारीक माहिती होय. भांडवल तिच्या मागून येते.

बीड शहराच्या दक्षिणेस, धुळे-सोलापूर महामार्गालगत आणि बिंदुसरा प्रकल्पाच्या शेजारी वसलेले पाली हे गाव या विवेचनाचा संदर्भबिंदू म्हणून घेतले आहे. पर्जन्यछायेतील जिल्हा, कोरडवाहू शेती, ऊसतोडीसाठी होणारे हंगामी स्थलांतर आणि जवळच जिल्ह्याची बाजारपेठ, अशा परिसरात लहान धंद्याचे अर्थशास्त्र पुस्तकातील अर्थशास्त्रापेक्षा निराळे असते.

प्राचीन श्रेणी :

नाशिकच्या पांडवलेणीतील उषवदाताचा लेख या विषयाचा सर्वांत बोलका पुरावा आहे. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई असलेल्या उषवदाताने इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापणांची ‘अक्षयनीवी’, म्हणजे कायम ठेव, गोवर्धन येथील श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी दोन हजार कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने, तर एक हजार विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने ठेवण्यात आले. मूळ रक्कम परत करावयाची नव्हती; फक्त व्याज वापरावयाचे होते. दोन हजारांच्या वार्षिक व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे होते. हिशेब तंतोतंत जुळतो. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविला गेला व फलकावर नोंदविला गेला, असेही लेखात म्हटले आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, राजघराण्यातील माणूस आपला पैसा एखाद्या धनिक श्रेष्ठीकडे ठेवीत नाही, तर विणकरांच्या गटाकडे ठेवतो. एकटा विणकर आजारी पडेल, मरेल किंवा गाव सोडून जाईल. श्रेणी मात्र टिकेल, हा त्यामागील विश्वास उघड आहे. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील नाशिकच्याच लेखात जलयंत्रे बनविणाऱ्यांची व तेल्यांची श्रेणी आढळते. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणारे, कासार आणि धान्यव्यापारी यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. म्हणजे ठेव स्वीकारण्याइतकी पत एकाच व्यवसायापुरती मर्यादित नव्हती. व्याज ‘शेकड्याला दरमहा’ सांगण्याची रीत तर आजही जशीच्या तशी आहे. बीड जिल्ह्यातील कोणत्याही बचत गटात व्याजाचा दर विचारल्यास वार्षिक टक्केवारी कोणी सांगत नाही; ‘शेकडा दोन रुपये’ असेच उत्तर येते.

मराठवाड्याचा या व्यापाराशी संबंध जवळचा होता. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण व तगर या दोन बाजारपेठांचा उल्लेख असून, तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, येथून कापड भडोच बंदराकडे जात असे. बीडचा प्रदेश भौगोलिकदृष्ट्या या दोन नगरांच्या मधला आहे.

श्रेणीचे नियम धर्मशास्त्राने मान्य केले होते. याज्ञवल्क्यस्मृतीत समूहाने केलेला करार मोडणाऱ्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे, आणि समूहाचे धन गिळंकृत करणाऱ्याचे सर्वस्व हरण करून त्याला देशाबाहेर घालवावे इतकी कठोर शिक्षा त्यात सांगितली आहे. याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने कल्याणी चालुक्यांच्या आश्रयाने ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. शिक्षा एवढी कडक असणे हाच एक पुरावा आहे : समूहाचा पैसा खाणारे त्याही काळी होते.

मध्ययुगीन पेठ आणि जातपंचायत :

उत्तरकाळात श्रेणीची जागा हळूहळू जातीच्या पंचायतीने घेतली. मराठा काळात नवी पेठ वसविताना व्यापाऱ्यांना कौल देऊन काही वर्षे करमाफी दिली जाई. शेटे व महाजन हे वतनदार पेठेच्या व्यवहारावर देखरेख ठेवीत. या व्यवस्थेने व्यावसायिकाला संरक्षण दिले, पण त्याची किंमतही घेतली. धंद्याचे कसब जातीबाहेर गेले नाही, नव्या माणसाला धंद्यात शिरता आले नाही, आणि जातीबाहेर टाकले जाणे म्हणजे धंदा बुडणे असे समीकरण झाले. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये एका धंद्याची माणसे एकत्र आली की ग्राहकांविरुद्ध संगनमत होते, अशी शंका नोंदविली होती. भारतीय जातपंचायतीच्या बाबतीत त्यात आणखी एका गोष्टीची भर घालावी लागते. येथे संगनमत ग्राहकांविरुद्ध जितके होते त्याहून अधिक खालच्या मानलेल्या कारागिरांविरुद्ध होते. समूहाच्या इतिहासाचा गौरव करताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य ठरणार नाही.

बीड शहरापुरते बोलायचे तर विसाव्या शतकाच्या आरंभी इम्पीरियल गॅझेटियरने येथील कातडी छागलांची आणि गुप्त्यांची दखल घेतली आहे. हे दोन्ही व्यवसाय कसबी कारागिरांचे होते व दोन्ही पुढे लयास गेले. पाण्यासाठी कातडी छागल वापरण्याची गरज संपली, गुप्ती बाळगण्याचा काळही संपला. कारागिरांची संघटना जातीच्या मर्यादेत राहिल्याने तिला नव्या मालाकडे वळणे जमले नसावे, असे अनुमान करता येते.

सहकार : दहा माणसांची अट

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीत शुल्झे-डेलिट्श याने चांभार व सुतार यांच्यासारख्या शहरी कारागिरांना एकत्र आणून कच्चा माल सामूहिकरीत्या खरेदी करणाऱ्या संस्था आणि १८५० मध्ये पतसंस्था काढली. रायफायझनने तोच विचार खेड्यात नेला. मद्रास सरकारसाठी फ्रेडरिक निकल्सन यांनी केलेल्या अहवालाने हा नमुना भारतात आणला आणि १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा झाला. एकाच गावातील अथवा एकाच वर्गातील किमान दहा व्यक्तींनी एकत्र यावे, अशी त्याची अट होती, आणि ग्रामीण संस्थांत सभासदांची जबाबदारी अमर्यादित होती. एका सभासदाने कर्ज बुडविले तर उरलेल्यांची मालमत्ता धोक्यात येई. आजच्या वाचकाला ही अट जाचक वाटेल. परंतु तिच्यामुळेच प्रत्येक सभासद दुसऱ्याच्या शेतावर, गोठ्यावर, दुकानावर लक्ष ठेवीत असे. बँकेच्या अधिकाऱ्याला जी चौकशी करण्यास महिने लागले असते, ती शेजाऱ्याच्या नजरेत आधीच झालेली असे.

बीड त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे सहकारी पतसंस्थांचा कायदा १९१४ मध्ये, म्हणजे ब्रिटिश मुलखानंतर दहा वर्षांनी आला. १९४८ ची पोलीस कारवाई, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात समावेश आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याची स्थापना या क्रमाने मराठवाडा पश्चिम महाराष्ट्राच्या सहकारी चळवळीला जोडला गेला. तोपर्यंत त्या चळवळीचा रोख साखर कारखान्यांकडे वळलेला होता. ऊस नसलेल्या गावातील किराणा दुकानदार किंवा शिंपी तिच्या परिघाबाहेरच राहिला.

शहरांतील व्यावसायिकांनी याच काळात आपापले मार्ग काढले. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स आणि आ. रा. भट यांच्या पुढाकाराने १९३४ मध्ये पुण्यात मराठा चेंबर उभे राहिले. मुंबईत महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेल्या डबेवाल्यांच्या कामाला १९५६ मध्ये नोंदणीकृत विश्वस्त संस्थेचे रूप आले. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतून आलेला डबेवाला हा पगारी नोकर नसून स्वतःच्या टोळीतील भागीदार असतो. मुकादमाच्या देखरेखीखाली टोळी आपला हिशेब स्वतः ठेवते, मिळकत वाटून घेते आणि एखादा गावी गेला तर त्याचे डबे दुसरा पोहोचवितो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपयांच्या उसन्या रकमेवर सुरू केलेला लिज्जत पापड हे याच परंपरेचे उदाहरण होय. तेथेही नफा-तोटा सर्व भगिनींनी सारखा वाटून घ्यावयाचा, हा आरंभीचा दंडक होता. अगदी सुरुवातीस दोन प्रतींचे पापड लाटले जात. छगनलाल पारेख यांच्या सल्ल्याने एकच उत्तम प्रत ठेवण्यात आली. अनुभवी माणसाचा हा एक सल्ला त्या ऐंशी रुपयांहून मोलाचा ठरला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

भिशी :

कायद्याच्या चौकटीबाहेर, पण बाजारपेठेच्या अगदी आत चालणारी संस्था म्हणजे भिशी. महाराष्ट्राने १९७४ मध्ये व केंद्राने १९८२ मध्ये चिट फंडाचा कायदा केला, तरी गावोगावच्या भिशी ओळखीवरच चालतात. बारा दुकानदारांनी दरमहा हजार रुपये घातले तर दरमहा बारा हजार जमतात व ते पाळीपाळीने एकेकाला मिळतात. लिलावाच्या भिशीत मात्र ज्याला गरज अधिक तो कमी रक्कम घेण्यास तयार होतो. समजा त्याने साडेदहा हजारांवर रक्कम उचलली, तर उरलेले दीड हजार सर्वांत वाटले जातात.

या पद्धतीचे एक वैशिष्ट्य सहसा दुर्लक्षित राहते. लिलावाच्या बोलीतून प्रत्येकाच्या धंद्याची अवस्था इतरांना कळते. एरवी दसरा-दिवाळीचा माल भरण्यासाठी भिशी उचलणारा दुकानदार आषाढातच मोठी घट सोसून बोली लावू लागला, की त्याची उधारी अडकली आहे हे बाकीचे अकरा जण ताडतात. कोणी त्याला माल उधार देतो, कोणी सावध होतो. लाभ आणि धोका एकाच माहितीतून निर्माण होतात. भिशीत माणसे निवडून घेतली जातात ती म्हणूनच.

बचत गट आणि पालीसारखी गावे :

रिझर्व्ह बँकेच्या १९९१ च्या परिपत्रकानंतर नाबार्डने १९९२ मध्ये पाचशे स्वयंसहायता गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम हाती घेतला. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, १९९९ ची स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना आणि २०११ पासूनचे राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान यांतून हा कार्यक्रम महाराष्ट्रातील गावागावांत पोहोचला. दहा ते वीस स्त्रिया, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड व चोख नोंदी ही त्याची पंचसूत्री. १९०४ च्या कायद्यातील दहाचा आकडा येथे पुन्हा भेटतो, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. एकमेकांना खरोखर ओळखणाऱ्या माणसांची संख्या बहुधा त्याच आसपास असते.

पालीसारख्या गावात स्त्रियांचे व्यवसाय ठरावीक असतात : शेळीपालन, दोन-चार दुभती जनावरे, शिवणकाम, किराणा, भाजीविक्री, पापड-लोणची, महामार्गावरील चहा-नाश्त्याचे हॉटेल. यांतील कोणताही धंदा बँकेच्या अर्जातील रकान्यांत नीट बसत नाही. शेळी व्याली किती, मेली किती, करडू कोणत्या बाजारात काय भावाने गेले, याचे कागद नसतात. बैठकीत बसलेल्या बायकांना मात्र ते ठाऊक असते. शेळी कोणाकडून घ्यावी, लसीकरण कधी करावे, कोणता व्यापारी वजनात मारतो, घाऊक माल बीडच्या कोणत्या दुकानी स्वस्त पडतो, ही माहिती कर्जाच्या मागणीवर चर्चा होत असताना सहजपणे हाताहाती जाते. ‘हिला पाच हजार द्यावेत का?’ या एका प्रश्नावर जी चर्चा होते तीच व्यवसायाची शाळा असते.

अलीकडील संशोधन याला दुजोरा देते. चीनमधील नानचांग येथे २८२० लहान उद्योगांवर केलेल्या प्रयोगात काहींच्या चालकांना दहा-दहाच्या गटांत वर्षभर दरमहा एकत्र बसविण्यात आले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गटातील उद्योगांची विक्री इतरांच्या तुलनेत सुमारे आठ टक्क्यांनी वाढली. मात्र गटात परस्परांचे स्पर्धक अधिक असतील तर उपयुक्त माहिती दडविली जाते, असेही त्यात आढळले. अहमदाबादच्या सेवा बँकेच्या ग्राहक स्त्रियांवरील २०१६ च्या अभ्यासात, व्यवसाय-प्रशिक्षणास मैत्रिणीबरोबर आलेल्या स्त्रियांनी धंद्यासाठी कर्ज अधिक उचलले आणि त्यांच्या कुटुंबाचे उत्पन्नही अधिक दिसले. एकट्या आलेल्या स्त्रियांत हा परिणाम दिसला नाही. प्रशिक्षण तेच होते. सोबत असण्याने फरक पडला. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे १९९७ मध्ये सुरू झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेच्या जन्मकथेतही हेच दिसते. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याने पहिला अर्ज फेटाळला गेला; त्या अक्षरे शिकल्या आणि व्याजाचा हिशेब आपण तोंडी करू शकतो, हे सांगण्यासाठी एकत्रितपणे पुन्हा गेल्या.

मर्यादा : दुष्काळ आणि आकार

गटाची पहिली मर्यादा बीडच्या निसर्गातच आहे. पाऊस गेला की सर्वांचे एकदमच जाते. किराणा दुकानाची उधारी कापूस विकल्यावर आणि ऊसतोड कामगार पाडव्याच्या सुमारास परतल्यावर वसूल होते. शिंप्याचे काम लग्नसराईवर, लग्नसराई पिकावर अवलंबून. १९७२ च्या, तसेच २०१२-१३ व २०१५-१६ च्या दुष्काळांत गटातील प्रत्येकीला एकाच महिन्यात कर्ज हवे होते आणि कोणाकडेच हप्ता भरण्यास पैसा नव्हता, अशी स्थिती येणे अपरिहार्य होते, फरक इतकाच की १९७२ मध्ये असे गटच नव्हते. परस्परांची कितीही ओळख असली तरी या संकटावर तिचा उपाय चालत नाही. त्यासाठी अनेक गावांचे गट जोडणारी वरची रचना लागते. महामंडळाची लोकसंचालित साधन केंद्रे व अभियानाचे ग्रामसंघ आणि प्रभागसंघ यांची उपयुक्तता येथे आहे, जरी ही रचना जितकी वर चढते तितकी बैठकीतील ओळख विरळ होत जाते. स्थलांतरामुळे ऐन हिवाळ्यात निम्म्या सभासद कारखान्यावर असतात, हीसुद्धा या जिल्ह्याची खास अडचण होय.

दुसरी मर्यादा योजनेतून येते. अनुदानासाठी स्थापन झालेले गट अनुदान मिळताच विरून गेले, हा स्वर्णजयंती योजनेचा सार्वत्रिक अनुभव आहे. अशा गटांत बचत होती, वही होती, शिक्का होता. परस्परांच्या धंद्यात रस नव्हता.

तिसरी मर्यादा अधिक क्लेशदायक आहे. २०२३ पासून बीड शहरात मुख्यालय असलेल्या एका मोठ्या बहुराज्यीय पतसंस्थेच्या शाखा बंद पडल्या आणि जिल्ह्यातील असंख्य ठेवीदारांचे पैसे अडकले. त्यांत निवृत्त कर्मचारी व शेतकरी होते, तसेच दुकानाचे खेळते भांडवल जादा व्याजाच्या आशेने ठेवणारे लहान व्यापारीही होते. कायद्याच्या दृष्टीने ही सहकारी संस्था होती आणि ठेवीदारांपैकी अनेक जण कागदोपत्री सभासद होते. प्रत्यक्षात कोणताही सभासद दुसऱ्या सभासदाला ओळखत नव्हता, आणि पैसा कोणत्या उद्योगात गुंतविला जातो हे विचारण्याची बैठकच नव्हती. गोवर्धनच्या श्रेणीत ठेवलेला पैसा कोणत्या मागावर कापड होऊन फिरतो आहे, हे श्रेणीतील प्रत्येक विणकराला दिसत असले पाहिजे. येथे मात्र जादा व्याजदराची जाहिरात हीच सर्व माहिती होती. ‘सहकार’ हा शब्द दोन्हींना लावला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्या एका शब्दाखाली दोन निराळ्या संस्था आहेत हे ध्यानात ठेवावयास हवे.

साधनांविषयी :

बचत गटांची इतिवृत्ते व कर्जनोंदवह्या हे गेल्या तीस वर्षांतील ग्रामीण व्यवसायांच्या इतिहासाचे पहिल्या दर्जाचे साधन आहे. कोणत्या वर्षी कोणत्या कारणासाठी कर्ज मागितले गेले, शेळीची किंमत किती होती, कोणत्या महिन्यात हप्ते थकले, पिठाची गिरणी केव्हा आली, मुलीच्या शिक्षणासाठीची मागणी प्रथम केव्हा नोंदली गेली, हे सारे त्यांत बायकांच्या, आणि पुष्कळदा त्यांच्या शाळकरी मुलामुलींच्या, हस्ताक्षरात आहे. या वह्या सध्या गटाच्या अध्यक्षा अथवा सचिवांच्या घरी पत्र्याच्या पेटीत असतात आणि गट बंद पडला की रद्दीत जातात. बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे काम एखाद्या गावापासून, एकेका गटाच्या संमतीने, सुरू करता येण्याजोगे आहे. पालीचे बीडपासूनचे अंतर पाहता तेथून आरंभ करण्यास प्रवासखर्चाचीही अडचण पडू नये.